नाकातला दात कोणाच्या हद्दीत

दात असावेत, याबद्दल दुमत नाही. ते कुठे असावेत, याबद्दल मात्र आजवर एकाही कार्यालयाने लेखी आदेश काढलेला नाही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या समजुतीने ते तोंडात ठेवत आली आणि प्रशासनानेही त्यात हात घातला नाही. नुसत्या समजुतीवर चाललेल्या व्यवस्थेचं शेवटी काय होतं, ते मी जाणतो. कारण मोठ्या रुग्णालयाच्या इतिवृत्त विभागात माझी सतरा वर्षं गेली आहेत. (इतिवृत्त म्हणजे बैठकीत जे झालं ते नव्हे. बैठकीत जे व्हायला हवं होतं असं नंतर ठरतं, ते.)

तर एका बाईंच्या नाकात दात आला.

बाई शहरातल्या मोठ्या बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायच्या आणि ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायच्या. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर. सगळं स्थानक त्यांना फलाटताई म्हणायचं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखात होतं. वय एक्केचाळीस. नवरा बाजारात किल्ल्या बनवून द्यायचा, कमी बोलायचा. घरात सासूबाई होत्या. त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती.

आधी डावी नाकपुडी बंद झाली. मग त्या बाजूने घाण वास येऊ लागला, आणि तो फक्त ताईंनाच येई. तीन महिने त्यांचा संशय स्थानकातल्या मुतारीवर होता. त्यांच्या तक्रारीवरून तिथल्या सफाईवाल्याला दोन ज्ञापनं गेली. (मुतारी निर्दोष होती, हे नंतर सिद्ध झालं. ज्ञापनं मागे घेण्याची तरतूद नाही.) पुढे सकाळी तोंड धुताना नाकातून रक्ताचा ठिपका पडू लागला आणि डाव्या डोळ्यामागे कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखू लागलं. दुकानातले थेंब झाले, वाफ झाली. "एकदा जोर लावून शिंकर," हा नवऱ्याचा सल्ला झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी धुळीचं वावडं असल्याचं निदान केलं.

"धूळ टाळा," ते म्हणाले.

"साहेब, मी बस स्टँडवर असते."

"मग बस टाळा."

सातव्या महिन्यात उजवी नाकपुडीही शेजारधर्म म्हणून सुजली. इथून पुढे हे प्रकरण सार्वजनिक झालं. नाक पूर्ण बंद झालं की माणसाचा न हा द होतो आणि म हा ब होतो. यात व्याकरणाचा दोष नाही, शरीराची रचनाच तशी आहे. त्याचा पहिला फटका घरात बसला. किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवला, असं सासूबाईंनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "बला काय बाहीत?"

"बला?" सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "एकवीस वर्षं तुझी उष्टी-खरकटी काढली, ती बला म्हणवून घ्यायला?"

चार दिवस सासूबाई सुनेशी बोलल्या नाहीत. सगळ्या उपचारांत डोकेदुखीला खऱ्या अर्थाने उतार पडला तो एवढ्याच काळात, असं ताईंनी नंतर चौकशीत नमूद केलं आहे.

दुसरा फटका स्थानकाला बसला. ताई पुकारत, "फलाट क्रबांक दऊ." ऐकणारे दहावर जात. या काळातली आकडेवारी बोलकी आहे. नऊवरच्या गाडीतून पूर्वी सरासरी सेहेचाळीस माणसं जायची, ती अकरावर आली. (हे अकराजण बहिरे किंवा जाणकार असावेत.) दहावरची गाडी मात्र दारातून माणसं ओसंडत सुटू लागली आणि तिच्यातले निम्मे प्रवासी मुक्कामी उतरल्यावर पत्ता विचारत फिरू लागले. एक वराचा मामा तर भलत्याच लग्नाला पोचला आणि जेवून आला. त्याची तक्रार नव्हती.

स्थानकप्रमुख कर्तबगार गृहस्थ होते. मूळ शोधत बसण्यापेक्षा परिणाम मिटवावा, या विचाराचे. ताईंना कोणी डॉक्टर दाखवला का, असं त्यांनी विचारलं नाही, कारण तो प्रश्न आरोग्य खात्याचा होता. त्यांनी नऊ नंबरचा फलाट रद्द केला. पाटी पुसून तिथे दहा लिहिलं. आता दहा दोन झाले, म्हणून एकाला 'जुना दहा' आणि दुसऱ्याला 'नवा दहा' अशी नावं देण्यात आली. ताई प्रामाणिकपणे पुकारू लागल्या: "जुदा दहा", "दवा दहा". दवा ऐकून काही प्रवासी रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदाराने त्या महिन्यात स्थानकप्रमुखांना आभाराचं पत्र पाठवलं, तेही फाइलला आहे. महिनाअखेर नऊची पाटी परत लागली.

शेवटी दहाव्या महिन्यात नवरा ताईंना घेऊन आमच्या रुग्णालयात आला.

आमच्या रुग्णालयाची रचना आदर्श आहे. तळमजल्याच्या एका टोकाला दंत विभाग, दुसऱ्या टोकाला कान-नाक-घसा विभाग आणि मध्ये एकशे साठ पावलांचा बोळ. ताईंच्या नाकात दुर्बीण घालून प्रथम पाहिलं ते कान-नाक-घसा विभागातल्या एका कनिष्ठ डॉक्टरबाईंनी. शिकाऊच म्हणायच्या, अंगाने बारीक. सगळे त्यांना छोट्या बाई म्हणत. त्यांनी पाहिलं, दुर्बीण पुसली, परत पाहिलं.

"ताई, तळाशी काहीतरी पांढरं आहे. टणक. लहानपणी नाकात काही घातलं होतं का? खडा? मणी?"

"दाही," ताई म्हणाल्या.

डोक्याचे काप घेणारी मोठी तपासणी झाली. फिल्म उजेडासमोर धरताच छोट्या बाई हसल्या आणि त्यांनी लगेच हसू आवरलं. नाकाच्या तळात मूळ रोवून एक अख्खा दात उलटा उभा होता. सुळ्यासारखा, टोक वर करून, जणू डोळ्यालाच चावायचं आहे.

"हा काढला की संपलं," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीतून, नाकातूनच. चेहऱ्यावर टाकासुद्धा नाही. अर्ध्या तासाचं काम."

छोट्या बाई नव्या होत्या, हे या वाक्यावरून वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

कान-नाक-घसा विभागप्रमुखांनी फिल्म पाहिली आणि न्याय्य भूमिका घेतली. "नाकात मांस वाढलं, हाड वाकलं, पोराने वाटाणा घातला, सगळं आमचं. पण ज्याला मूळ आहे आणि वर चकाकी आहे, तो दात आहे. दंत विभागात पाठवा." ताई एकशे साठ पावलं चालून गेल्या. दंत विभागप्रमुखांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, सगळे दात मोजले आणि म्हणाले, "बत्तीसच्या बत्तीस जागेवर. एकही किडका नाही. आमच्या दृष्टीने तुम्ही ठणठणीत आहात. जिथे घास जात नाही, तिथे आम्ही जात नाही." ताई एकशे साठ पावलं परत आल्या. हा प्रवास त्यांनी तीन आठवड्यांत चौदा वेळा केला. (दोन्ही विभागांनी चालण्याचे फायदे सांगणारं पत्रक त्यांना मोफत दिलं.) प्रत्येक वेळी नवरा दुकान बंद करून बरोबर यायचा. चौदाव्या वेळी तो बोळाच्या मध्यावर थांबला आणि खिशातला बारीक चिमटा काढून बायकोला म्हणाला, "बस इथं. मान वर कर. याहून अवघड कुलपं उघडलीत मी."

पहारेकऱ्याने चिमटा जमा करून घेतला. या घटनेमुळे प्रकरणाला तोंड फुटलं आणि समिती नेमण्यात आली.

'दात-नाक हद्द समन्वय समिती'चे अध्यक्ष त्वचाविभागप्रमुख होते. त्वचा सगळीकडेच असते, त्यामुळे ते निःपक्षपाती मानले जात. इतिवृत्त माझ्याकडे होतं. पहिल्या बैठकीत दाताची व्याख्या ठरली. दुसऱ्या बैठकीत नाकाची. तिसऱ्या बैठकीत दोन्ही व्याख्या एकमेकींना छेदतात असं आढळल्याने पहिल्या दोन बैठका झाल्याच नाहीत असं ठरलं. चौथ्या बैठकीत दंत विभागाने तडजोड सुचवली की दाताचं मूळ आम्ही घेतो, वरचा भाग नाकवाल्यांनी घ्यावा आणि दोघांनी वेगवेगळ्या वारी काम करावं. यावर नाकाच्या बाजूने सभात्याग झाला. छोट्या बाई कोपऱ्यात फाइल घेऊन उभ्या असायच्या. त्यांनी एकदाच विचारलं, "सर, पेशंटला रक्त येतंय, तोवर काय करायचं?" हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्याने इतिवृत्तात घेतला नाही. वाईट वाटलं, पण नाही घेतला.

पाचव्या बैठकीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्याचं श्रेय अध्यक्षांना द्यायला हवं. ते म्हणाले, "मित्रहो, असा दात फार थोड्या रुग्णालयांच्या नशिबी येतो. तो काढला, तर आपल्याकडे उरेल काय? एक बरी झालेली बाई. तशा रोज शेकड्याने बाहेर पडतात." कोणी तरी हळूच टाळी वाजवली. दात हा रुग्णालयाचा ठेवा असून अंतिम निर्णयापर्यंत तो जागच्या जागी जतन करावा, असा ठराव झाला. ठरावाची भाषा माझी आहे, आणि ती आजही वाचावीशी वाटते.

त्यानंतर ताईंना मान मिळू लागला. दर मंगळवारी त्यांना हनुवटी टेकायच्या स्टुलावर बसवलं जाई आणि विद्यार्थी रांगेने त्यांच्या नाकात डोकावत. एका मंगळवारी चौसष्ट जणांनी डोकावलं. पाहुणे आले, फोटो निघाले. फोटोत नाकपुडी फार सुंदर आली आहे. बाकीचा चेहरा कापला आहे, त्यामुळे ताईंना तो घरी लावता आला नाही. सासूबाईंना मात्र कधी नव्हे तो सुनेचा अभिमान वाटू लागला. "आमच्या हिच्या नाकात दात आहे," त्या शेजारणीला सांगत, "साध्या घरात येतो का असा?"

ताईंनी हेही सोसलं असतं. पण एक दिवस चौकशी खिडकीपाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत बाळंतिणीसाठी शिवलेली दुपटी. दोन दिवसांपूर्वी ती लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. नऊवरच्या गाडीने जायचं होतं. पुकारा ऐकून दहावर गेली आणि वीस कोस भलतीकडे उतरली. परतून पुढे पोचेपर्यंत लेक अडली होती, बाळ गेलं होतं. लेक सगळा वेळ दाराकडे बघत होती, असं सुईणीने सांगितलं. म्हातारी भांडायला आली नव्हती. तिला फक्त स्वतःच्या कानांची खात्री करून घ्यायची होती.

"पोरी, परवा तू दहाच म्हणालीस ना?"

ताई खिडकीतून पुढे वाकल्या. त्या म्हणाल्या, "दाही, बावशी."

"हां," म्हातारी म्हणाली. "तेच म्हणते मी. दहा. म्हणजे मी बरोबर ऐकलं."

आणि पिशवी घेऊन निघून गेली. जाताना तिचा जीव जरा हलका झालेला दिसत होता, आणि ताईंना तेच सहन झालं नाही. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला, खिडकी लावली आणि तडक रुग्णालय गाठलं. त्याच आठवड्यात स्थानकप्रमुखांचंही पत्र आलं होतं: पंधरा दिवसांत आवाज पूर्ववत झाल्याचा दाखला आणावा, अन्यथा पार्सल गोदामात बदली, जिथे बोलावं लागत नाही. पण ताईंनी ते पत्र पर्समधून काढलंही नाही. त्यांनी छोट्या बाईंचा हात धरला.

"काढा," त्या म्हणाल्या. न नाही, म नाही, त्यामुळे हा शब्द अगदी स्वच्छ आला.

छोट्या बाईंनी आधी बोळात डोकावून पाहिलं. "परवा सकाळी या. उपाशीपोटी. आणि कुणाला सांगू नका."

शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांनी लिहिलं: 'नाकातील बाहेरची वस्तू, डावी बाजू.' मणी, वाटाणे, बटणं याच सदरात निघतात आणि त्यांना समिती लागत नाही.

भूल देणाऱ्याने विचारलं, "वस्तू कसली?"

"टणक," छोट्या बाई म्हणाल्या.

त्यांनी दुर्बीण आत घातली, दाताभोवतीची सूज सोडवली, चिमट्यात धरून हलकेच हलवला. बावीस मिनिटं. दात दीड सेंटिमीटरचा निघाला. एक संस्था अकरा आठवडे त्यावर उभी होती.

ताई शुद्धीवर आल्या तेव्हा नवरा उशाशी होता. त्याने दात ठेवलेली बाटली उजेडासमोर धरली होती. "एवढासाच?" तो म्हणाला, आणि मग उगाच चष्मा पुसत राहिला.

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"साडेनऊ."

"साडेनऊ," ताई म्हणाल्या. डाव्या नाकपुडीत कापूस होता, तरी उजवीतून न निघालाच. मग सूज उतरेपर्यंत चार दिवस त्या घरभर पुटपुटत हिंडल्या: नऊ, एकोणीस, नव्याण्णव, मामा, मावशी, नाणं. सासूबाई म्हणाल्या, "आता कोण विचारणार आपल्याला?"

इकडे मंगळवारी चौसष्ट विद्यार्थी जमले आणि स्टूल रिकामं. चौकशी बसणं भाग होतं. छोट्या बाईंवर दोन आरोप होते. एक, त्यांनी रुग्णालयाची दुर्मिळता घटवली. दोन, रुग्णाचा स्वतःचा दात त्यांनी बाहेरची वस्तू म्हणून नोंदवला, म्हणजे खोटी नोंद केली. पहिल्यावर समज देऊन भागलं असतं. दुसऱ्यावर पदवी जाणार होती. दात जर ताईंचा नसेल, तर मात्र तो खरोखरच बाहेरचा ठरत होता, आणि बाहेरचं काहीही काढायला छोट्या बाई मुखत्यार होत्या. सगळं एका साक्षीवर आलं.

ताई निळी साडी नेसून आल्या. एकोणीस वर्षं ध्वनिक्षेपकावर काढलेल्या बाईला सभागृहात आवाज चढवावा लागत नाही.

"हा दात तुमचाच ना?" अध्यक्षांनी बाटली पुढे सरकवली.

ताईंनी नीट पाहिलं. "नाही. माझा नाही."

"बाई, तो तुमच्या नाकात होता."

"माझे बत्तीस आहेत. या साहेबांनी स्वतः मोजलेत, कागदावर सही आहे त्यांची. तेहेतिसावा माझा कसा?"

दंत विभागप्रमुखांनी मान खाली घातली. सही त्यांचीच होती.

"मग कोणाचा?" अध्यक्षांचा आवाज चिरकला.

"मी स्टँडवर काम करते, साहेब. रोज हजारो माणसं तोंड उघडं टाकून माझ्यासमोर उभी राहतात. छत्र्या विसरतात, पोरं विसरतात. कोण काय विसरून गेलं, मी कसं सांगू?"

मी खाली मान घालून लिहीत होतो. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी जे झालं तेच लिहिलं. त्याहून चांगलं काही सुचेना.

दात बेवारस ठरला. त्याची जाहीर नोटीस लागली: ओळख पटवून तीस दिवसांत घेऊन जावे. तीन अर्ज आले. त्यातला एक वकिलामार्फत होता. छोट्या बाईंची पदवी वाचली. त्यांना कायमचं कान विभागात हलवण्यात आलं, कारण कानात दात येण्याची शक्यता समितीला कमी वाटते. ताईंनी म्हातारीचा पत्ता शोधायचा फार प्रयत्न केला. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक वाहकाला विचारलं. सापडला नाही. आता त्या प्रत्येक गाडी तीनदा पुकारतात. दोनदाच पुकारण्याचा नियम असल्याने त्याबद्दल त्यांना दर महिन्याला ज्ञापन मिळतं, आणि त्या ते वाचून, घडी करून, तिसऱ्यांदा पुकारतात.

या प्रकरणातून रुग्णालय बरंच शिकलं. असा ठेवा पुन्हा हातचा जाऊ नये म्हणून आम्ही नोंदणीचा अर्ज नव्याने तयार केला. तीन पानी आहे. मसुदा माझा. तिसऱ्या पानावर सतरावं कलम आहे: 'माझ्या शरीरात दुर्मिळ असे काही आढळल्यास, समितीचा निर्णय होईपर्यंत ते जागच्या जागी ठेवण्यास, विद्यार्थ्यांना दाखवण्यास आणि त्यामुळे होणाऱ्या वेदना माझ्या स्वतःच्या मानण्यास माझी संमती आहे.' अक्षर मुद्दाम बारीक ठेवलेलं नाही. चांगलं ठळक आहे. बारीक ठेवायची गरज पडेल असं वाटलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात नऊशे जणांनी सह्या केल्या आणि ती शंका फिटली.

तुम्हीसुद्धा मागे साध्या खोकल्यासाठी आला होता. त्या दिवशी नोंदणीच्या खिडकीत मीच होतो. तिन्ही पानं मी तुमच्यासमोर उलगडून ठेवली आणि मुद्दाम थांबलो. तुमच्या मागे रांग होती, पण मी घाई केली नाही. तुम्ही एकच प्रश्न विचारलात.

"सही कुठे करायची?"